टाकीत ७६ किलो होतं, तरी इंजिनं बंद कशी पडली?

नाशिकला आमच्या जेलरोडच्या गल्लीतली एक मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गांधीनगरच्या धावपट्टीवरून उठणारी हेलिकॉप्टरं गच्चीवरून बघत लहानाची मोठी झालेली, त्यामुळे मी दिसलो की तिचा एखादा प्रश्न ठरलेला. या वेळचा असा होता: "काका, २०१३ ला ग्लासगोमध्ये पोलिसांचं हेलिकॉप्टर पडलं. इंधनाअभावी दोन्ही इंजिनं बंद पडली म्हणतात, पण नंतर टाकीत ७६ किलो इंधन निघालं. मग संपलं कसं? आणि विमानाला धावपट्टी लागते, हेलिकॉप्टर तर कुठंही उतरतं. काटा खाली गेलेला दिसत असताना हे लोक उतरत का नाहीत?"

दारात उभं राहून दिलेलं उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो. आधी एक सांगून ठेवतो, मी पायलट नव्हे. वीस-बावीस वर्षं आर्मी एव्हिएशनमध्ये चीता आणि चेतक या हेलिकॉप्टरांवर तंत्रज्ञ होतो, निवृत्तीनंतर काही वर्षं भाड्याने हेलिकॉप्टर देणाऱ्या छोट्या कंपन्यांत इंजिनीअर म्हणून सह्या केल्या. म्हणजे मी टाकी भरणारा माणूस. माझं बोलणं त्या बाजूने आहे असं समजून वाच.

पहिला प्रश्न आधी. इंधन संपणं वेगळं आणि इंधन इंजिनापर्यंत न पोचणं वेगळं. इंजिनाला दोन्हींतला फरक कळत नाही, ते विझतंच. चीताचं काम साधं होतं. एक टाकी, पावणेसहाशे लिटरच्या आसपास, आणि एक इंजिन. टाकीत आहे म्हणजे इंजिनाला मिळणार. ग्लासगोचं ईसी-१३५ हे दोन इंजिनांचं यंत्र, त्याची रचना तुमच्या अपार्टमेंटच्या पाण्यासारखी आहे. एक मोठी टाकी, तिला खालची म्हणू, आणि दोन छोट्या टाक्या, त्यांना वरच्या म्हणू, प्रत्येक इंजिनाची आपापली. खालच्या टाकीतून वर चढवायला दोन मोटरी, एक पुढच्या बाजूला, एक मागच्या. वरच्या टाक्या भरून सांडलं की जास्तीचं पुन्हा खाली येतं. मोटरी चालू आहेत तोवर वरच्या टाक्या भरलेल्या राहतात, पातळी उतरते ती खालच्या टाकीची.

आता बघ, खालच्या टाकीत थोडंच उरलं असेल आणि हेलिकॉप्टर एका जागी तरंगत असेल, तर त्याचं नाक जरा वर असतं. इंधन मागे सरकतं, पुढची मोटर कोरडी पडते. कोरडी मोटर चालू ठेवली तर खराब होते, म्हणून पायलटला सूचना येते आणि तो ती बंद करतो. इथवर सगळं पुस्तकातलं. पुढे वेग घेतला की नाक खाली जातं, इंधन पुढे येतं, आता तीच मोटर परत चालू करायची असते. आपल्याकडे 'खालच्या हौदात पाणी नाही' म्हणून कोणी मोटर बंद करतं, रात्री नळाला पाणी येऊन हौद भरतो, आणि सकाळी वरची टाकी ठणठणीत. अख्खी सोसायटी वॉचमनला बोलते. ग्लासगोला तेच झालं, फक्त सोसायटी जमिनीपासून हजार फुटांवर होती.

२९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री ते हेलिकॉप्टर ४०० किलो इंधन घेऊन निघालं आणि साधारण दीड तासाने, १० वाजून २२ मिनिटांनी, क्लूथा नावाच्या मद्यगृहाच्या छतावर कोसळलं. आतले तिघे आणि मद्यगृहातले सात, असे दहा जण गेले. ब्रिटिश तपास यंत्रणेने अवशेष उघडले तेव्हा इंधन चढवणाऱ्या दोन्ही मोटरींची बटणं बंद होती. त्याच पट्टीवर प्राइम पंपांची दोन बटणं असतात, ती इंजिन सुरू करतानाच लागतात. ती मात्र चालू होती. खालच्या टाकीत ७६ किलो इंधन होतं, वरच्या टाक्या रित्या. तुझा ७६ चा आकडा तो हा.

इंधन कमी असल्याची धोक्याची सूचना त्या उड्डाणात पाच वेळा आली आणि प्रत्येक वेळी ती पायलटने बघितल्याची नोंद उपकरणांच्या स्मृतीत सापडली. सूचना आली की दहा मिनिटांत उतरायचं, असं त्या यंत्राच्या सूचनापत्रकात लिहिलेलं आहे. ते उतरले नाहीत, वाटेतली छोटी कामं आटोपत राहिले. वरच्या दोन टाक्या मुद्दाम कमीजास्त मापाच्या ठेवलेल्या असतात, दोन्ही इंजिनं एकदम जाऊ नयेत म्हणून. पहिलं विझलं की दुसरं काही मिनिटं तरी चालावं असा हिशोब. त्या रात्री दुसरं इंजिन ३२ सेकंदांत विझलं. दोन्ही गेल्यावर वीजही तुटते. जमिनीपासूनची उंची दाखवणारं उपकरण आणि खाली रोखायचा दिवा, दोन्ही एका बटणाने आणीबाणीच्या विजेवर घ्यावे लागतात. ते घेतले गेले नव्हते. अंधार, खाली शहर, आणि उंचीचा अंदाज डोळ्यांनी. छतावर आदळलं तेव्हा पंखा फिरत नव्हता.

स्कॉटलंडमध्ये न्यायालयीन चौकशी झाली, तिचा निष्कर्ष २०१९ ला आला. पायलटने सूचना मानल्या नाहीत, धोका पत्करला, असं त्यात म्हटलं आहे. बरोबरच आहे. पण मला तेवढ्याने समाधान होत नाही. डोळ्यांसमोर एक आकडा सांगतोय की खाली इंधन आहे, आणि एक दिवा सांगतोय की उतर. अशा वेळी माणूस आपल्याला सोयीचं बोलणाऱ्यावर विश्वास ठेवतो आणि दिव्यावर संशय घेतो. हा माझा अंदाज आहे, खरं सांगायला कोणी उरलं नाही.

गेजचं म्हणशील तर गेज असतं, पण ते स्कूटीच्या काट्यासारखं एका भाषेत बोलत नाही. चीता, चेतकला आम्ही लिटरमध्ये बोलायचो. ईसी-१३५ किलोत बोलतं. अमेरिकी यंत्रं पौंडात किंवा गॅलनमध्ये. एएस-३५० बी-टू या एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरमध्ये तर थेट टक्के दिसतात. इंधन देणारा टँकर लिटर मोजतो, पायलटला वजन हवं असतं, आणि मध्ये बसलेला इंजिनीअर कागदाच्या तुकड्यावर गुणाकार करतो. एटीएफचं, म्हणजे विमानाच्या इंधनाचं, एक लिटर म्हणजे ८०० ग्रॅमच्या आसपास. मे महिन्यात उन्हात तापलेलं असेल तर अजून कमी. या गुणाकाराने विमान खाली आणल्याचं ठळक उदाहरण २३ जुलै १९८३ चं, कॅनडाचं. किलोच्या हिशोबाला लिटरमागे ०.८ धरायच्या ऐवजी १.७७ धरलं गेलं, तो आकडा पौंडाचा. बोइंग ७६७ निम्म्याहून कमी इंधन घेऊन उडालं आणि वाटेत दोन्ही इंजिनं गेली. पायलटने ते तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवलं, कोणी दगावलं नाही. हेलिकॉप्टरला इतकं तरंगता येत नाही.

म्हणून माझ्या खिशात कायम एक छोटी वही असायची. सकाळी किती होतं, किती घातलं, किती मिनिटं फिरलं, ताशी किती जातं, उरायला किती हवं. वहीचा आकडा आणि काट्याचा आकडा जुळला नाही तर यंत्र उठायचं नाही. नव्या पोरांना वही जुनाट वाटायची. वाटू दे. उतारावर उभ्या केलेल्या यंत्राचा काटा वेगळं सांगतो, टाकीत पाणी शिरलं तर काही सेन्सर जास्तीचं दाखवतात. वही उतारावर ठेवली तरी तेच सांगते.

आता मूळ गोष्ट. टाकी अर्धी का असते? पूर्ण भरून का निघत नाहीत? वजन. एएस-३५० ची टाकी ५४० लिटरची, म्हणजे ४३० किलोच्या आसपास नुसतं इंधन. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, मे महिन्यात पारा चाळिशीला. हवा विरळ, पंख्याला धरायला कमी मिळतं, इंजिनाचा जोरही उतरतो. पाच माणसं, त्यांच्या बॅगा आणि भरलेली टाकी, असं घेऊन गावच्या शाळेच्या मैदानातून, चारी बाजूंनी झाडं आणि तारा असताना, सरळ वर उठायचं तर जमत नाही. मग काय कमी करणार? साहेबांना उतरा म्हणता येत नाही, साहेबांच्या भाच्यालाही म्हणता येत नाही. इंधन रुसत नाही, म्हणून इंधन कमी होतं.

एकदा ते कमी केलं की सगळा खेळ मिनिटांवर येतो. नाशिकहून जुहू हवाई अंतराने दीडशे किलोमीटर धर. ताशी २०० ने पाऊण तास. पण पावसाळ्यात समोरून ५० चा वारा असेल तर तोच प्रवास तासाचा. ताशी १८० लिटर जात असेल तर १३५ च्या जागी १८० लिटर. आणि इगतपुरीला घाट ढगात बुडालेला असेल तर परत फिरायलाही इंधन लागतं, ते बहुतेक वेळा कोणी मोजलेलं नसतं. दिवसा डोळ्यांनी बघून उडणाऱ्या हेलिकॉप्टरने मुक्कामी पोचल्यावर निदान २० मिनिटांचं इंधन शिल्लक ठेवायचं, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. वीस मिनिटं कागदावर ऐसपैस वाटतात. सिंहस्थात एखाद्या हेलिपॅडवर आधीचं यंत्र उभं असेल आणि पोलिस दोर लावत असतील, तर ती किती लवकर जातात ते बघ.

हे नवशिक्यांचं होतं असं समजू नकोस. गॅरी पॉवर्स हे नाव ऐकलं असशील. १९६० साली अमेरिकेचं यू-२ हेरगिरी विमान घेऊन सोव्हिएत रशियावरून, ७०,००० फुटांच्या आसपास उडत होता, क्षेपणास्त्राने विमान फोडलं, हा पॅराशूटने उतरला, पकडला गेला, तुरुंगात राहिला, अदलाबदलीत सुटून घरी आला. पुढे लॉस एंजेलिसला एका टीव्ही वाहिनीचं हेलिकॉप्टर चालवायचा. १ ऑगस्ट १९७७ ला वणव्याचं चित्रण करून परतताना त्याचं इंधन संपलं. तो आणि कॅमेरामन, दोघंही गेले.

दुसरं उदाहरण मी नव्या इंजिनीअरांना नेहमी सांगायचो, कारण त्यात खलनायक कोणी नाही. २६ ऑगस्ट २०११, अमेरिकेतलं मिसुरी राज्य, रुग्णवाहिका म्हणून वापरात असलेलं एएस-३५०. आदल्या रात्री ते प्रशिक्षणासाठी उडालेलं, त्यामुळे टाकीत नेहमीपेक्षा कमी होतं. पाळीवर आलेल्या पायलटने ते नीट तपासलं नाही. तपासात पुढे आलं की कामाच्या वेळात त्याचे मोबाइलवर निरोप चालू होते, झोपही पुरी झालेली नव्हती. एका गावच्या इस्पितळात रुग्ण घ्यायला उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं की इंधन वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी आहे. हा क्षण बघ. यंत्र जमिनीवर आहे, इंजिन ठीक आहे. फक्त एक फोन करून सांगायचं होतं की मी इथून हलत नाही, इंधन पाठवा. फोन त्याने केलाही, पण वाटेतल्या विमानतळावर भरून घेतो असं ठरवून निघाला. रुग्ण आत आहे, घाई आहे, नर्स वाट बघतेय. विमानतळ साधारण मैलभर राहिला असताना इंजिन विझलं. चौघं गेले: पायलट, नर्स, वैद्यकीय सहायक आणि रुग्ण.

मैलभर राहिलं असताना विझलं तर खाली मोकळी शेतं होती, मग वाचले का नाहीत? इंजिन विझल्यावर हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं हा समज चुकीचा आहे. सायकलचं पेडल मारायचं थांबवलं तरी चाक फिरत राहतं ना, तसा पंखा इंजिनापासून सुटतो आणि खालून वर येणाऱ्या हवेवर फिरत राहतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात. पायलटला डाव्या हातातली कलेक्टिव्हची दांडी लगेच खाली करावी लागते, म्हणजे पात्यांचा कोन उतरतो आणि फेरे टिकतात. वेगात असताना इंजिन गेलं तर त्याच वेळी उजव्या हाताची दांडी मागेही ओढावी लागते. हे सेकंदभरात झालं नाही तर पंख्याचे फेरे इतके पडतात की पुन्हा येत नाहीत. मिसुरीत तेच झालं असं तपासात निघालं. त्यानंतर तिथे प्रशिक्षणात यावर जोर देण्यात आला, कारण सराव बहुतेकदा कमी वेगात आणि पायलटला आधी माहीत असताना होत असे. गांधीनगरला आमच्या पायलटांचा हा सराव मी शेकड्यांनी बघितलाय. शिक्षक शेजारी बसलेला, धावपट्टी खाली, हवा सकाळची. जमिनीजवळ येऊन नाक उचलायचं, पंख्यात साठलेला जोर शेवटच्या दोन सेकंदांत वापरायचा आणि बसायचं. एकदाच वापरता येतो तो जोर. रात्री, शहरावर, उंची दिसत नसताना हे करून दाखव म्हटलं तर सगळ्यात चांगल्या माणसाचेही हात कापतील.

आता तुझा दुसरा प्रश्न, मला खरं तर तोच महत्त्वाचा वाटतो. उतरत का नाहीत?

निवडणुकीचा हंगाम होता. मी एका छोट्या कंपनीत, एएस-३५० वर. पायलट सैन्यातून निवृत्त, माझ्याहून वयाने लहान, तरी मी त्यांना सर म्हणायचो आणि ते मला उस्ताद. साहेब, त्यांचे दोन माणसं, सर आणि मी. शेवटची सभा साक्रीला. आमचे एटीएफचे चार ड्रम तिथल्या मैदानाच्या कडेला सकाळपासून पिकअपमध्ये उभे होते, हातपंप, गाळणी, पाणी तपासायच्या चकत्या, सगळं तयार. उतरलो तेव्हा काटा ३८ टक्क्यांवर. ताशी साधारण ३३ टक्के जायचे. साहेबांनी उतरता उतरता सांगितलं, "पाच मिनिटांत आलो, बंद करू नका."

पंखा फिरत असताना ड्रममधून इंधन भरत नाहीत. इंजिन बंद केलं असतं तर भरता आलं असतं, पण साहेब पाच मिनिटांत येणार होते. पाचाची दहा झाली, दहाची वीस. दर थोड्या वेळाने कोणीतरी पळत येऊन हात हलवायचा, "आले आले". सर एकदा ड्रमांकडे बघायचे, एकदा घड्याळाकडे. मी चाळीस फुटांवर ड्रमजवळ उभा, हातात चकतीची डबी, आणि काटा जागच्या जागी खाली येतोय. साहेब आले तेव्हा ३१ टक्के. आपल्याकडे सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपलीकडे असं डोळ्यांनी बघून उडता येत नाही, त्यामुळे आता बंद करून भरायचं म्हणजे मुक्काम साक्रीलाच. नाशिकजवळच्या ओझर विमानतळाला बत्तीस-तेहतीस मिनिटं, पोचल्यावर तेरा टक्के, म्हणजे तेवीस-चोवीस मिनिटांचं शिल्लक. नियमात बसत होतं. मीही वहीत बघून मान हलवली. ती मान हलवणं मला आजही आठवतं.

सातमाळ्याच्या डोंगरावर वळवाचा ढग उभा होता. त्याला वळसा घालून वणीच्या बाजूला आलो, तर दिंडोरी-ओझरकडे काळंकुट्ट, आणि आत वीज. छत्तिसाव्या मिनिटाला इंधन कमी असल्याचा पिवळा दिवा लागला. अकरा टक्के. सरळ गेलं तर ओझर आठ मिनिटं. पण सरळ जाता येत नव्हतं. पिंपळगावकडून फिरून बारा-तेरा मिनिटं, आणि तिकडे उघडं असेल याची खात्री नाही. मागून एक जण म्हणाला, "समोरच तर आहे नाशिक, घ्या की." सर काही बोलले नाहीत. ते शेत शोधत होते.

तुला वाटेल शेत शोधायला काय लागतं. त्या पट्ट्यात खाली बघ एकदा, सगळ्या द्राक्षबागा. लोखंडी अँगल आणि तारांचे मांडव, हेलिकॉप्टरला त्याहून वाईट जागा नाही. दोन-तीन मिनिटं गेली आणि मग एक उन्हाळी कांदा काढलेलं रान सापडलं. एका टोकाला कांद्याचा ढीग, शेतकरी आणि त्याची बायको येणाऱ्या पावसाच्या धास्तीने त्यावर ताडपत्री ओढत होते. आम्ही दुसऱ्या टोकाला उतरलो तरी पंख्याच्या वाऱ्याने ताडपत्री उडाली ती बांधावरच्या बाभळीला जाऊन अडकली. कांद्याची वाळकी पात आणि टरफलं इतकी उडाली की काचेतून समोरचं दिसेना. मला काळजी इंजिनाच्या तोंडाची, शेतकऱ्याला कांद्याची. काटा नऊ टक्क्यांवर. इंजिन बंद केलं, पंखा थांबला, आणि पहिला आवाज आला तो शिव्यांचा. त्या योग्यच होत्या.

साहेब आत बसून फोनवर गाडी मागवत होते. सर, मी आणि साहेबांचा एक माणूस, तिघांनी बाभळीवरून ताडपत्री काढली आणि ढिगावर टाकून कडेला दगड ठेवले, तोवर टपोरे थेंब सुरू झाले. वीस मिनिटांत पाऊस सरकला. आभाळ ओझरपर्यंत स्वच्छ. साहेबांनी बाहेर येऊन आभाळ बघितलं, मग सरांकडे बघितलं, आणि गाडीत बसून गेले.

मी रात्री यंत्राजवळच झोपलो. सकाळी पिकअप आला, एक ड्रम, २०० लिटर, चकतीने पाणी तपासून हातपंपाने भरला. काटा नऊवरून ४६ ला गेला. ५४० च्या टाकीत २०० लिटर म्हणजे ३७ टक्के. काटा बरोबर होता, दिवा बरोबर होता. तेवढ्यात मालकाचा फोन. त्याने हिशोब करून ठेवला होता: नऊ टक्के म्हणजे सोळा मिनिटं, फिरून ओझर दहा मिनिटं. "पुरलं असतं ना?" सर म्हणाले, "हो, पुरलं असतं."

आता तूच सांग, त्या फोननंतर पुढच्या वेळी पिवळा दिवा लागला की त्या माणसाच्या मनात काय येईल? ग्लासगोच्या पायलटला कोणी असा फोन केला होता की नाही मला माहीत नाही. पण आमच्या धंद्यात तो फोन सगळ्यांनी ऐकलेला असतो, स्वतःला आलेला नसला तरी. जो उतरतो त्याचं इंधन नेहमी पुरलेलं असतं, कारण तो उरलेलं असतानाच उतरतो. त्यामुळे तो नेहमी घाबरट ठरतो. भाड्याने हेलिकॉप्टर घेणाऱ्यांना मी एवढंच विचारायचो, तुमच्या पायलटने शेतात उतरवलं तर तुम्ही त्याला काय म्हणाल? पायलट किती तास उडालाय ते सगळे विचारतात, हे कोणी विचारत नाही.

मालकाचं पुढचं म्हणणं माझ्यासाठी होतं. साहेबांची माणसं कारण विचारतायत, 'इंधन कमी होतं' हे कंपनीला शोभत नाही, तेव्हा गेज बिघडलं होतं असं लिहा. मी म्हटलं, लिहितो, पण बिघडलेलं गेज लिहिलं की यंत्र दोन दिवस उठणार नाही, सुटा भाग येईपर्यंत. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाला, राहू द्या.

त्या दिवशी दुपारी वणीच्या स्टँडवर चहा पिताना पेपर मिळाला. आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती, तांत्रिक बिघाडामुळे हेलिकॉप्टर शेतात उतरवलं, सर्व सुखरूप. यंत्राच्या नोंदवहीत, टेक लॉगमध्ये, सकाळी मी लिहिलं होतं: इंधन ९ टक्के, हवामानामुळे खबरदारी म्हणून उतरलो, २०० लिटर भरले, गेज तपासलं, बिघाड नाही. खाली सही.